वाचक विचारतात : सामानाच्या बोटीत फौज

प्रश्न : माझे आजोबा लढाईच्या आधी ‘बी.आय.’ (ब्रिटिश इंडिया) या आगबोट कंपनीच्या ‘रोहना’ बोटीवर खलाशी होते. “आमची बोट सामानाची. पुढे तिच्यात गोरी फौज भरली आणि ती बुडाली,” एवढंच ते सांगत. ती खरंच सामानाची होती का? आणि सामानाच्या बोटीतून फौज नेतात तरी कशी? (एक वाचक, राजापूर)

उत्तर : आजोबांनी सांगितलं ते बरोबर, पण अर्धं. ‘रोहना’ माल आणि माणसं दोन्ही नेई. 1926 साली इंग्लंडात टाइन नदीवर बांधलेली, 8,602 टनांची. मद्रास, नागपट्टणम, पेनांग, सिंगापूर ही तिची फेरी. केबिनी मोजक्या, बाकी सगळे डेकचे उतारू, मलायाकडे निघालेले तमिळ मजूर, वळकटी पसरेल तेवढी जागा आपली. अशा बोटीत फौज भरायला सुतारकाम फारसं लागत नाही. 1940 साली सरकारनं ती ताब्यात घेतली.

आता ‘कशी’ ते. मालाच्या बोटीत तळ आणि वरचं डेक यांच्यामध्ये एक मजला असतो, ट्वीनडेक. फौज तिथे. लांब टेबलं आणि बाकं बोल्टनं पक्की करायची, दिवसा त्यांवर जेवण. रात्री त्याच टेबलांच्या वर, छताच्या आकड्यांना, कापडी झोळ्या. हॅचच्या, म्हणजे डेकवरून माल खाली उतरवायच्या, तोंडातून लाकडी जिने सोडायचे, हवा खाली जावी म्हणून शिडाच्या कापडाच्या नळ्या लावायच्या, डेकवर संडासांची रांग, जमतील तेवढे तराफे आणि एक-दोन तोफा. झाली फौजेची बोट.

हे पुस्तकी वाटेल म्हणून सांगतो. 1971 साली मी शिकाऊ म्हणून चढलो ती बोट लढाईच्या काळातली होती. दोन नंबरच्या होल्डात, म्हणजे माल भरायच्या कप्प्यात, रंग खरवडायचं काम माझ्याकडे आलं. छताच्या गर्डरवर हातभर अंतरानं लोखंडी आकडे दिसले. मला वाटलं, माल बांधायला असतील. आमचे सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम, दापोलीकडचे, दाढी मेंदीनं रंगवलेली. ते म्हणाले, “माल कसला? सोल्जर टांगायचे ते.” खरवडता खरवडता एका आकड्याशेजारी दुसरा आकडा निघाला, पांढऱ्या रंगातला 27. हातभर जागा, तीच त्या सत्तावीस नंबरवाल्याची खोली. सारंग म्हणाले, रंग मार त्यावर. मारला.

‘रोहना’चा शेवट मात्र रंग मारून झाकलेला राहू नये. 26 नोव्हेंबर 1943. सुमारे 2,000 अमेरिकन सैनिक घेऊन ती ताफ्याबरोबर भूमध्य समुद्रातून सुएझकडे चालली होती. पुढचा मुक्काम कुठला? आपली मुंबई. त्यांतले बरेचसे विमानतळ बांधणाऱ्या पलटणीचे, ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी निघालेले. अल्जीरियाच्या किनाऱ्याजवळ, दिवस कलताना, जर्मन विमानानं हेन्शेल 293 सोडला. हा नुसता टाकायचा बॉम्ब नव्हे. त्याला पंख, रॉकेट, आणि विमानात बसलेला माणूस रेडिओवरून त्याला वळवी. तो डाव्या बाजूनं इंजिनरूमजवळ घुसला.

पुढचं वाचताना मी दर वेळी थांबतो. बऱ्याच लाइफबोटी स्फोटानंच निकामी झाल्या. उरलेल्या सोडणार कोण? सैनिकांना तो सराव नव्हता. त्यांच्याकडे गॅसनं फुगणारे पट्टे होते. ते काखेत बांधायचे, पण अनेकांनी कमरेला बांधलेले. पट्टा फुगला की कंबर वर, डोकं पाण्याखाली. समुद्र खवळलेला, वर अंधार पडत चाललेला. ‘पायोनियर’ नावाच्या अमेरिकन सुरुंगशोधक जहाजानं एकट्यानं 606 जणांना वर ओढलं. तरी 1,138 गेले, त्यांत 1,015 अमेरिकन.

समुद्रात शत्रूच्या एकाच हल्ल्यात इतके अमेरिकन सैनिक कधी गेले नव्हते. तरी ही बातमी दाबून ठेवली, रेडिओनं चालणाऱ्या बॉम्बचा बोभाटा नको म्हणून. घरच्यांना वर्षानुवर्षं धड काही कळलं नाही. आता तिकडे स्मारक आहे, 2000 साली त्यांच्या संसदेनं ठरावही केला. पण या सगळ्या लिखाणात बोटीवरचे लोक एका ओळीत उरकतात. ती ओळ अशी : 195 जणांच्या तांड्यातले 117 गेले. त्यात बहुतेक आपल्याकडचे खलाशी. मला या हिशेबाचा राग येतो. लाइफबोटी सोडता येत होत्या त्या यांनाच.

आजोबांच्या सोबत्यांपैकी कोणी शेवटपर्यंत बोटीवर राहिलं असेल, तर नाव शोधायची जागा मुंबईतच आहे. मशीद बंदरच्या इंडियन सीमेन्स होममध्ये दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या खलाशांच्या नावांचं पुस्तक ठेवलेलं आहे, सहा हजारांवर नावं. त्याचीच दुसरी प्रत चितगावला. जाताना नावाची दोन-तीन स्पेलिंगं लिहून न्या. साहेबानं कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं.

प्रश्न : निव्वळ मालासाठी बांधलेल्या बोटीतही फौज नेली का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : हो. अमेरिकेच्या लिबर्टी बोटी. 441 फूट लांब, पाच होल्ड, वेग जेमतेम 11 नॉट. लढाईच्या चार-पाच वर्षांत 2,710 बांधल्या. माणसं न्यायचा विचार आराखड्यात नव्हताच, पण गरज पडली तशा दोनशेच्या वर बोटींत ट्वीनडेकवर खाटा ठोकल्या. ‘पॉल हॅमिल्टन’ त्यांतलीच. 20 एप्रिल 1944 रोजी अल्जीयर्सजवळ जर्मन विमानाचा टॉर्पेडो लागला आणि अर्ध्या मिनिटात ती नाहीशी झाली. बोटीवरचे सगळे 580 जण गेले. वर फौज होती, आणि खाली स्फोटकं.