जीईडीच्या गणितासाठी आकडेमोडीचा सराव

अमेरिकेतील जीईडी या हायस्कूल-समकक्ष परीक्षेचा गणिताचा पेपर 115 मिनिटांचा असतो, उत्तीर्ण होण्यासाठी 145 गुण लागतात आणि सुरुवातीचे काही प्रश्न कॅल्क्युलेटरशिवाय सोडवावे लागतात. पुढील भागात कॅल्क्युलेटर मिळतो, म्हणून हाताने करायच्या आकडेमोडीकडे अनेकजण दुर्लक्ष करतात. आपण तसे करू नये.

पाढे पक्के असतील, तर अपूर्णांकांपासून आरंभ करावा, कारण खरी अडचण तिथेच येते. 3/4 आणि 5/6 यांची बेरीज करताना छेदांचा लसावि 12 घेऊन 9/12 व 10/12 असे रूप द्यावे, म्हणजे उत्तर 19/12 येते. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून 8/10 लिहिणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे.

मराठी शाळेत शिकलेल्यांनी ‘कंचेभागुबेव’ (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा क्रियांचा क्रम) जरा जपून वापरावे. त्यात बेरीज वजाबाकीच्या आधी येत असली, तरी दोन्हींचा दर्जा समान असून त्या डावीकडून उजवीकडे ज्या क्रमाने येतील त्याच क्रमाने कराव्या लागतात, त्यामुळे 10 − 4 + 3 चे उत्तर 9 आहे, 3 नव्हे. भागाकार-गुणाकारालाही हेच लागू पडते.

ऋण संख्यांसाठी संख्यारेषा काढून पाहावी: −7 − (−3) = −4. रोज थोडीच उदाहरणे घ्यावीत, पण प्रत्येक पायरी लिहावी आणि उत्तराचा अंदाज आधीच बांधून ठेवावा.