"पर्मनंट कधी?" या प्रश्नाचं उत्तर नवऱ्यानेच द्यायचं

जर्मनीतल्या ड्रेस्डेनहून एका ताईंनी विचारलंय. नवरा स्टॅटिस्टिक्स आणि कॉम्प्लेक्स सिस्टिम्समध्ये पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची मुदतीची संशोधनाची नोकरी, हा तिसरा देश, मुलगी पुढच्या वर्षी पहिलीत जाणार, आणि दर रविवारी नाशिकहून सासूबाईंचा एकच प्रश्न, अरे तुला पर्मनंट कधी करणार? फोन ठेवला की घरात भांडण.

ताई, आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. कॉन्ट्रॅक्ट संपतंय म्हणजे नवरा कुठे कमी पडतोय असं अजिबात नाही, पोस्टडॉक असतंच दोन-तीन वर्षांचं. जर्मनीत तर तसा कायदाच आहे, पीएचडीनंतर युनिव्हर्सिटीत अशा मुदतीच्या नोकऱ्या साधारण 6 वर्षंच करता येतात, मूल लहान असेल तर प्रत्येक मुलामागे 2 वर्षं वाढू शकतात पण आपोआप नाही हं, संस्थेने द्यावी लागतात, तेव्हा एचआरला आत्ताच विचारून ठेवा. आणि देश सारखा का बदलतो तर मारी क्युरीसारख्या युरोपातल्या मोठ्या संशोधन फेलोशिपचा नियमच असा, ज्या देशात जायचंय तिथे मागच्या 36 महिन्यांत 12 महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही.

सासूबाईंना तो नेमकं काय करतो हेच माहीत नसणार, म्हणून काळजी जास्त. त्यांना लासलगावचं सांगा. भाव पडला की एकजण कांदा चाळीतच ठेवतो, त्याचं बघून शेजारचा ठेवतो, मग भाव चढतो की सगळ्यांचे ट्रॅक्टर एकाच दिवशी मार्केटला आणि भाव धाडकन खाली, यात कुणी एकाने ठरवून काहीच केलेलं नसतं. एकमेकांकडे बघून वागणाऱ्यांच्या गर्दीतून असं काय काय घडतं याचं गणित तो मांडतो, यालाच कॉम्प्लेक्स सिस्टिम्स म्हणतात. साथीचे रोग, ट्रॅफिक, शेअर बाजार सगळीकडे हेच गणित लागतं, आणि 2021 चं फिजिक्सचं नोबेलही याच विषयातल्या कामाला मिळालंय. नाशिकजवळच्या देवळालीचे कापरेकर सर शाळेत शिकवता शिकवता 6174 हा गणितातला प्रसिद्ध आकडा शोधून गेले, त्या भागातल्या माणसांना हे कळणार नाही असं मला तरी वाटत नाही.

आता तुमचं दोघांचं. कॅलेंडर घेऊन बसा. कॉन्ट्रॅक्ट कोणत्या महिन्यात संपतं, शाळा कधी सुरू होते, अर्ज कधी करायचे. अमेरिकेतल्या प्रोफेसरच्या जागा बहुतेक ऑगस्ट ते डिसेंबरमध्ये निघतात आणि जॉइनिंग पुढच्या ऑगस्टच्या आसपास, म्हणजे तयारी निदान वर्षभर आधी. भारतात यायचं मनात असेल तर परदेशात काम करणाऱ्या भारतीय संशोधकांसाठी रामानुजन फेलोशिप आहे, 5 वर्षांची, वयाची अट बघून घ्या. आणि अमुक तारखेपर्यंत कायमची जागा नाही मिळाली तर इंडस्ट्री, म्हणजे कंपनीतली नोकरी, हे आजच ठरवून कागदावर लिहा. स्टॅटिस्टिक्सवाल्याला औषध कंपन्यांच्या क्लिनिकल ट्रायल्स, इन्शुरन्स, बँका, सगळीकडे काम मिळतं, त्यात शिक्षण वाया गेलं असं काही नसतं.

त्याच कागदावर तुमचं करिअरही लिहा ताई. तुमच्या अख्ख्या पत्रात त्याबद्दल एक ओळ नाही याचं मला खरंच वाईट वाटलं. जर्मनीत कुटुंब म्हणून मिळालेल्या परमिटवर जोडीदाराला नोकरी करता येते, भाषेचा क्लास आत्ताच लावा.

आणि हे सगळं रविवारी फोनवर तुम्ही सांगू नका. आई त्याची आहे, त्याने सांगायचं, तारखांसकट.