ओटीजी (विजेवरचा छोटा ओव्हन) २०० अंशांवर लावला तरी आत उष्णता टिकत नाही. बिघाड कुठे असेल?

आधी दार तपासा, मग रॉड, म्हणजे आतल्या तापणाऱ्या नळ्या. ओव्हन थंड असताना दारात कागदाची पट्टी धरून दार लावा. एका कोपऱ्यात पट्टी अडकते आणि दुसऱ्यात सहज सरकते, म्हणजे बिजागरी वाकलीय किंवा तिची स्प्रिंग ढिली झालीय. गरम हवा तिथूनच जाते. नंतर दोन्ही रॉड चालू करून काचेतून बघा, एखादा काळाच राहिला तर तो गेलाय. मात्र रॉड मधूनमधून विझणं हा बिघाड नव्हे, तापमान गाठलं की थर्मोस्टॅट ते बंद करतोच. फारच लवकर विझत असतील आणि आतला ओव्हन थर्मामीटर बराच कमी आकडा दाखवत असेल, तरच थर्मोस्टॅट बदलून घ्या. प्लग काढल्याशिवाय मागचा पत्रा खोलू नका.