मानेतली न दुखणारी गाठ : गणपतीपर्यंत थांबू नका

देवगडहून तुम्ही विचारलंय की बाबा 58 वर्षांचे, उजव्या जबड्याखाली सुपारीएवढी गाठ, दोन महिने झाले, ताप नाही, दुखत नाही आणि ते म्हणतात, "गणपती झाले की बघू." मशेरी लावतात हे तुम्ही अगदी शेवटी लिहिलंत. माझ्या दृष्टीने तीच सगळ्यात महत्त्वाची ओळ. मी डॉक्टर नाही, पण सरकारी रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात बरीच वर्षं नर्स होते, त्या अनुभवावरून लिहिते.

दुखत नाही म्हणजे साधी, असं या गाठींच्या बाबतीत धरू नका. दाढ किडली, घसा धरला की जे अवधाण येतं ते बहुतेकदा दुखतं आणि दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढे टिकलेली, टणक, बोटाने न सरकणारी गाठ आणि वय चाळिशीपुढे, त्यात तंबाखू किंवा मशेरी, तर तोंडाचा किंवा घशाचा कर्करोग नाही ना हे आधी बघायचं. मूळ जखम बऱ्याचदा जिभेखाली, गालाच्या आत, टॉन्सिलपाशी लहानशी असते, ती दुखतेच असं नाही, आणि माणसाला पहिल्यांदा हाताला लागते ती मानेतली गाठ. आज रात्रीच बॅटरी घेऊन बाबांचं तोंड बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारा व्रण, बसलेला आवाज, गिळताना अडखळणं, एकाच बाजूचा कान दुखणं, यातलं काही असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगा. काही दिसलं नाही तरी जायचंच, कारण घशाचा आतला भाग दुर्बिणीशिवाय दिसत नाही.

आता दुसरं मोठं कारण, टीबी. आपल्याकडे जुनी माणसं गंडमाळ म्हणतात ती बहुधा हीच. खोकला नसतो, ताप असेलच असं नाही, गाठी एकमेकींना चिकटलेल्या लागतात. फुफ्फुसं स्वच्छ असतील तर घरात कुणाला लागण होत नाही, तेव्हा बाबांचं ताट-भांडं वेगळं करू नका. उपचार साधारण सहा महिन्यांचे, सरकारी केंद्रात मोफत, आणि निक्षय पोषण योजनेतून दरमहा 1000 रुपये मिळतात. औषध सुरू झाल्यावर गाठ काही दिवस उलट मोठी होऊ शकते. तेव्हा घाबरून गोळ्या सोडणारे मी पाहिलेत. डॉक्टरांना दाखवा, पण स्वतःहून थांबवू नका.

बाकीची कारणं थोडक्यात. जेवताना किंवा सोलकढी पिताना फुगणारी गाठ लाळग्रंथीतल्या खड्याची असू शकते. पाणी गिळताना वरखाली होणारी गाठ बहुधा थायरॉइडची, आणि त्यातल्या बऱ्याच निरुपद्रवी निघतात. मऊ, कातडीखाली सरकणारी, वर्षानुवर्षं तेवढीच असलेली गाठ बहुधा चरबीची असते. वजन घटतंय, रात्री घामाने कपडे भिजतायत, काखेतही गाठी आहेत, तर लिम्फोमाचा, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगाचा, विचार करावा लागतो.

तपासणी सुरू होते ती तोंड-घसा बघण्यापासून. मग सोनोग्राफी आणि एफएनएसी, म्हणजे बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून बघणं. सुई लावली की कॅन्सर पसरतो हा समज खोटा आहे, कृपा करून त्यापायी थांबू नका. टीबीचा संशय असेल तर त्याच नमुन्यावर सीबीनॅट, म्हणजे टीबीचे जंतू शोधणारी चाचणी, करून घ्यायला सांगा. सुईने निदान झालं नाही तर बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणं. पण तोंड-घसा न बघता कुणी "छोटी आहे, काढून टाकू" म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. मूळ जागा न शोधता गाठ कापली तर पुढचे उपचार अवघड होतात, आणि टीबीची गाठ चिरली तर जखम महिनोन् महिने वाहू शकते. लेप, चोळणं बंद. दुकानातून आणलेल्या सूज उतरायच्या गोळ्याही नकोत. त्यात स्टेरॉइड असेल तर लिम्फोमाची गाठ तात्पुरती आक्रसते आणि निदान चुकतं.

तुम्हाला ओरोसचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ पडेल. गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयातही आपली माणसं जातात. चिपळूणकडच्यांना डेरवणचं रुग्णालय. रेशनकार्ड, आधार सोबत ठेवा. कर्करोग निघाला तर महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू होते का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. परळला टाटामध्ये जायची वेळ आली तर नुसता रिपोर्ट नेऊ नका, लॅबकडून स्लाइड (पेशी लावलेल्या काचपट्ट्या) आणि बायोप्सी झाली असेल तर ब्लॉकही (मेणात जपलेला तुकडा) मागून घ्या. ते तिथे पुन्हा तपासतात, आणि नसले की देवगडपर्यंतचा हेलपाटा पडतो.