रॉक ऐकणाऱ्या कानांना जॅझ विस्कळीत का वाटतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पंधरा वर्षं डोअर्स, हेंड्रिक्स, पिंक फ्लॉइड, रोलिंग स्टोन्स जीव लावून ऐकलं. जॅझही आवडावं असं फार वाटतं, पण लावलं की पाच मिनिटांत लक्ष उडतं, जो तो आपापलं वाजवतोय असं वाटत राहतं. मग दोन्ही ऐकणारे ऐकतात तरी कसं?

मी दोन्ही ऐकतो. रॉकचं वेड 1985 साली हॉस्टेलमध्ये लागलं, खोलीतल्या मित्राच्या कॅसेटमधून. जॅझ कानात बसायला त्यापुढे सहा वर्षं गेली, आणि ती सहा वर्षं तुम्ही म्हणता तशीच गेली. म्हणून अल्बमची नावं नंतर. आधी ती गोष्ट सांगतो जी मला तेव्हा कुणी सांगितली नाही: तुमचा कान ठेका भलत्याच जागी शोधतोय.

रॉकचा ड्रमर ठेका पायाने वाजणाऱ्या मोठ्या बास ड्रमवर आणि डाव्या हाताखालच्या स्नेअरवर, म्हणजे कडक आवाजाच्या छोट्या ड्रमवर, ठेवतो. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला स्नेअर खणखणीत पडतो, आणि इतक्या वर्षांत आपला कान त्या स्नेअरचं बोट धरूनच चालायला शिकलेला असतो. जॅझमध्ये 1940 च्या आसपास केनी क्लार्क आणि त्याच्या पिढीच्या ड्रमरांनी ही जागाच बदलली. ठेका वर गेला, उजव्या हाताखालच्या मोठ्या राइड सिंबलवर, म्हणजे पितळी थाळीवर: टिंग, टिंग-टि-टिंग, टिंग-टि-टिंग. त्याच्या जोडीला डबल बास, म्हणजे उभं धरून वाजवायचं खर्जातलं मोठं तंतुवाद्य, दर मात्रेला एक स्वर टाकत चालतो. डावा पाय दुसऱ्या-चौथ्या मात्रेला हाय-हॅट, म्हणजे समोरासमोर बसवलेल्या दोन छोट्या थाळ्या, मिटतो, तेही हळूच. स्नेअर मात्र मोकळा सुटला. तो सोलो वाजवणाऱ्याला मध्येच टोकतो, हुंकार देतो, कधी डिवचतो. आपण सवयीने त्या स्नेअरवर भार टाकायला जातो आणि अंधारात जिना उतरताना शेवटची पायरी चुकावी तसा पाय फसतो. मग सगळंच विस्कळीत वाटणार.

म्हणून पहिले काही दिवस सॅक्सोफोन-ट्रम्पेटच्या मागे लागूच नका. सिंबल आणि बास, एवढंच ऐका. हेडफोन लावा. मोबाइलच्या स्पीकरवर डबल बास जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि बास गेला की या संगीताखालची जमीनच गेली.

आता रेकॉर्ड. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’, 1959. हे नाव तुम्ही दहा ठिकाणी वाचलं असेल, पण मी ते एका वेगळ्या कारणासाठी सुचवतोय: ही रेकॉर्ड मोजता येते. पहिलं गाणं ‘सो व्हॉट’ घ्या, नऊ मिनिटांचं. सुरुवातीचं अर्धं मिनिट पियानो आणि बास बिनठेक्याचे चालतात, आलापासारखे. मग पॉल चेंबर्सचा बास मुखडा वाजवतो आणि बाकीचे प्रत्येक ओळीला दोन ठोक्यांचं उत्तर देतात.

इथून मोजायला लागा. आठ बार, बारला चार मात्रा, म्हणजे बत्तीस मात्रा. तीनतालाची दोन आवर्तनं. असे चार तुकडे मिळून एक फेरा. पहिले दोन तुकडे एका सुरात, तिसरा तुकडा अख्खाच्या अख्खा अर्धा स्वर वर, चौथा पुन्हा खाली. एक फेरा जेमतेम मिनिटभराचा. मुखड्याचा फेरा झाला की दोन फेरे माइल्सचे, दोन जॉन कोल्ट्रेनचे, दोन कॅननबॉल ॲडर्लीचे (दोघंही सॅक्सोफोनवर), एक पियानोवर बिल इव्हान्सचा, की पुन्हा मुखडा. तुम्हाला जे ‘जो तो आपापलं’ वाटतं, ते सगळं या फेऱ्यांच्या आत बसलेलं असतं, आणि आपण कुठे आहोत हे त्यातल्या प्रत्येकाला पक्कं ठाऊक असतं. तुम्ही ख्याल ऐकला असेल तर हे नवं नाही. गायक कुठे का जाईना, समेची वाट आपण बघतोच ना?

मी बोटांच्या पेरांवर मोजत ऐकायचो. पंधरा-वीस दिवस तेवढं एकच गाणं. मग एका रात्री मोजायचं राहून गेलं, आणि तरी तिसऱ्या तुकड्याच्या दोन मात्रा आधी कानांना कळलं की आता सूर वर सरकणार. सरकला. त्या रात्री मी ते गाणं चार वेळा ऐकलं.

त्यात एक जागा आहे, ती नक्की पकडा. मुखडा संपतो आणि माइल्स सोलो सुरू करतो, नेमक्या त्या मात्रेवर ड्रमर जिमी कॉब सिंबलवर एक मोठा घाव घालतो. माइल्सच्या पहिल्या स्वरांच्या मागे तो घाव विरत राहतो. बाकी इतकं संथ चाललेलं असताना तो एकच आवाज एवढा मोठा. मला अजूनही तिथे दर वेळी शहारा येतो.

घरात पेटी असेल तर आणखी मजा आहे. आमच्याकडे आईची पेटी होती. पांढरी दोनचा सा धरायचा आणि फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवायच्या, की ‘सो व्हॉट’चे स्वर मिळतात, म्हणजे आपला काफी थाट. तिसऱ्या तुकड्याला सा काळी दोनवर न्यायचा. चोर बाजारात मिळालेल्या जुन्या एलपीबरोबर मी हे करून बघायचो आणि सूर काही केल्या जुळायचा नाही. रेकॉर्डचा सूर किंचित चढा, दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी लागायचा. पेटी उतरली असं म्हणावं, तर दुसऱ्या बाजूची दोन्ही गाणी तिच्याशी बिनचूक जुळायची! उत्तर बऱ्याच वर्षांनी वाचायला मिळालं. पहिल्या बाजूची तिन्ही गाणी 2 मार्च 1959 ला ध्वनिमुद्रित झाली, आणि त्या दिवशी टेप मशीन जरा हळू फिरत होतं. हळू फिरलेली टेप नीट वेगाने वाजवली की सूर चढणारच. दुसरी बाजू 22 एप्रिलची, ती ठीक होती. 1992 च्या आवृत्तीत हे प्रथम दुरुस्त झालं. दुरुस्त सीडी आणली त्या संध्याकाळी आईला शेजारी बसवलं आणि पांढरी दोन दाबली. जुळली.

आता तुमच्या कपाटातल्या रॉककडे येऊ. जॅझ तुमच्या कानावर आधीच पडलेलं आहे. कोल्ट्रेनची ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ लावा, अल्बम 1961 चा. ब्रॉडवेवरच्या संगीतिकेतलं साधं गाणं, पण कोल्ट्रेन त्याचे जवळजवळ चौदा मिनिटं करतो: चाल मांडली की मॅकॉय टायनरचा पियानो दोन कॉर्डवर (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवलेले काही स्वर) गोल फिरत राहतो आणि वर सोप्रानो सॅक्स मोकळा सुटतो. ते ऐकून झाल्यावर लगेच डोअर्सचं ‘लाइट माय फायर’, 1967 चं, अल्बममधलं सात मिनिटांचं. मधला ऑर्गन आणि गिटारचा लांब भाग दोन कॉर्डवर फिरतो ना? ही पद्धत कोल्ट्रेनकडून घेतल्याचं डोअर्सच्या वादकांनी स्वतःच सांगितलंय. रेडिओसाठी गाणं छोटं करताना नेमका तोच भाग कापला गेला होता.

कोल्ट्रेनच्या मागे ड्रमवर आहे एल्विन जोन्स. डोअर्सचा ड्रमर जॉन डेन्समोर त्याचा भक्त. हेंड्रिक्सचा ड्रमर मिच मिचेलही त्याचाच भक्त. हेंड्रिक्सचं ‘मॅनिक डिप्रेशन’ तीन-तीनच्या चालीत आहे, ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ही. दोन्ही पाठोपाठ लावा आणि गिटार, सॅक्स विसरून फक्त ड्रम ऐका. मिचेलचे हात सगळ्या ड्रमवर अखंड गरगरत असतात, ते कुठून आले ते आपोआप कळेल.

पिंक फ्लॉइडच्या ‘ब्रीद’मधली एक कॉर्ड ‘काइंड ऑफ ब्लू’वरून सुचली, असं त्यांच्या कीबोर्डवादक रिक राइटने सांगितलंय. ऑलमन ब्रदर्स या अमेरिकन रॉक बँडचा गिटारवादक ड्वेन ऑलमन तर याच रेकॉर्डने झपाटलेला होता. त्यांचं न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट सभागृहातलं 1971 चं ‘इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड’ ऐका: तेरा मिनिटं, शब्द एकही नाही, मुखडा, मग एकेकाचा सोलो, मग परत मुखडा. रॉकच्या आवाजात जॅझची बांधणी. पुलाचं काम करणारं याहून चांगलं काही मला सापडलेलं नाही.

एका बाबतीत माझं मत इतरांपेक्षा वेगळं आहे. रॉक आवडणाऱ्याला सगळे माइल्सचीच ‘बिचेस ब्रू’ हातात देतात, कारण त्यात इलेक्ट्रिक गिटार आहे. वुडस्टॉकचा प्रसिद्ध रॉक महोत्सव संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी, 19 ऑगस्ट 1969 ला, तिचं ध्वनिमुद्रण सुरू झालं, म्हणून नातं जवळचं वाटतं. पण तिच्यात एकाच वेळी दोन-दोन ड्रमर, दोन-तीन कीबोर्ड. ज्याला अजून ठेका सापडलेला नाही त्याला ती रेकॉर्ड आणखी लांब ढकलते. मी स्वतः तिथूनच सुरुवात केली आणि दोन वर्षं जॅझच्या वाटेला गेलो नाही. तिला वर्षभर थांबू द्या.

माझी आताची सवय विचारलीत, तर जॅझ मी काम करताना लावत नाही. रात्री जेवणं आटोपली की एक बाजू, वीस-पंचवीस मिनिटांची, आणि त्या रात्री एकाच वादकाच्या मागे. काल बास, आज पियानो. त्यानंतर एखादं रॉकचं गाणं, त्याच कानांनी. या क्रमामुळे रॉकमध्ये आयुष्यभर न ऐकलेल्या गोष्टी ऐकू यायला लागल्या. स्टोन्सचा ड्रमर चार्ली वॉट्स मनाने जॅझचाच माणूस. जॅझ सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करवर त्याने स्वतः चित्रं काढून पुस्तक केलं होतं. स्नेअर मारताना तो उजवा हात हाय-हॅटवरून उचलायचा, त्या मात्रेला हाय-हॅट वाजायचाच नाही. म्हणून त्याचा स्नेअर एवढा स्वच्छ पडायचा.

मुंबईत धोबी तलावाच्या रंगभवनात उघड्या आभाळाखाली जॅझ यात्राही व्हायची आणि रॉकचे महोत्सवही. 1978 च्या पहिल्या जॅझ यात्रेला सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स येऊन वाजवून गेला. मी तेव्हा शाळेत होतो, ते हुकलं याची हळहळ अजून आहे. पण तोच रोलिन्स 1981 च्या ‘टॅटू यू’वर स्टोन्सच्या ‘वेटिंग ऑन अ फ्रेंड’मध्ये सॅक्सोफोन वाजवतो, मागे चार्ली वॉट्स. हे गाणं तुमच्याकडे नक्की असेल. आज रात्री एकदा वॉट्ससाठी ऐका, एकदा रोलिन्ससाठी, आणि उद्यापासून ‘सो व्हॉट’ मोजायला घ्या.