माझं वजन ५० किलो आहे, तरी पाळी लांबते म्हणून तपासणी केली तर पीसीओएस (अंडाशयाशी संबंधित हार्मोनचा विकार) आणि इन्सुलिन रेझिस्टन्स निघालं. आईला मधुमेह आहे. हे आनुवंशिक आहे का? जेनेटिक टेस्ट करून घ्यावी का? माझ्या बहिणीलाही हे होईल का?

आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, आणि आईचा मधुमेह व तुमची लांबणारी पाळी यांचा संबंधही असू शकतो. पण जेनेटिक टेस्टवर पैसे घालवू नका. मी जीवशास्त्र शिकवते आणि मला स्वतःला पीसीओएस आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आधी इन्सुलिनचं बघू. स्नायूंच्या पेशी इन्सुलिनला नीट दाद देईनाशा झाल्या (हाच इन्सुलिन रेझिस्टन्स) की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं आणि साखर काबूत ठेवतं. म्हणून सुरुवातीला शुगर रिपोर्ट नॉर्मल येतो. घरात आजोबांना कमी ऐकू येतं म्हणून टीव्ही मोठा केला, तर ज्यांचे कान शाबूत आहेत त्यांना तो आवाज सोसावा लागतो. अंडाशयाचं तसंच होतं. ते इन्सुलिनला व्यवस्थित दाद देत असतं. वाढलेलं इन्सुलिन एलएच या हार्मोनच्या जोडीने अंडाशयातल्या थीका पेशींना टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन जादा बनवायला लावतं. शिवाय त्याच इन्सुलिनमुळे यकृत एसएचबीजी नावाचं प्रथिन कमी बनवतं. टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं हे प्रथिन घटलं की मोकळं टेस्टोस्टेरॉन आणखी वाढतं. मग बीज पूर्ण पिकत नाही, पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात. मानेची कातडी काळी आणि जाडसर झाली असेल तर घासून ती जाणार नाही. तो मळ नाही, वाढलेल्या इन्सुलिनचा परिणाम आहे.

वजन कमी असताना हे कसं, असं तुम्हाला वाटणं साहजिक आहे. अमेरिकेत अँड्रिया डुनाइफ आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्येच दाखवलं होतं, की सडपातळ बायकांमध्येही पीसीओएस असेल तर इन्सुलिनचा परिणाम कमी पडतो. वजनाने तो आणखी बिघडतो, पण त्याचं मूळ फक्त वजनात नाही. आपल्याकडे त्यात आणखी एक भर पडते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांचा फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. काटा दोघांनाही बारीकच म्हणणार. म्हणून 'तू तर बारीक आहेस, तुला कसला पीसीओएस' असं कुणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नका. तुमच्या हातून काही चुकलं म्हणून हे झालेलं नाही.

आता जीन्स. नेदरलँड्समधल्या जुळ्या बहिणींच्या अभ्यासात (२००६) पीसीओएसमधला आनुवंशिक वाटा सुमारे ७० टक्के निघाला. पण हा एकाच जीनचा आजार नाही. २०११ मध्ये चीनमधल्या मोठ्या अभ्यासात डीईएनएनडी१ए, टीएचएडीए आणि एलएचसीजीआर या जीन्सजवळचे फरक सापडले. पुढच्या वर्षी त्यात इन्सुलिन रिसेप्टरच्या जीनचीही भर पडली. यातला टीएचएडीए टाइप २ मधुमेहाच्या अभ्यासातही सापडलेला आहे. एकेका फरकाचा परिणाम मात्र अगदी छोटा असतो, आणि सापडलेले सगळे एकत्र केले तरी तुम्हाला आजार होणार की नाही हे सांगता येत नाही. म्हणून ती टेस्ट नको. आणि दोष एकट्या आईला देऊ नका. हे वडिलांकडूनही येतं. पुरुषांना पाळीच नसल्याने ते लक्षात येत नाही इतकंच. २०१८ च्या एका मोठ्या अभ्यासात पुरुषांचं टक्कल आणि पीसीओएस यांचा आनुवंशिक संबंधही दिसला.

करून घ्यायची ती जीटीटी, म्हणजे ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर बघतात ती. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार पीसीओएस असेल तर वजन कितीही असो, साखरेची तपासणी निदानाच्या वेळीच करायची आणि नंतर दर एक ते तीन वर्षांनी. इन्सुलिनची पातळी मोजत बसायची गरज नाही, असंही त्यात आहे. तुम्हाला वजन उतरवायचं नाहीये, स्नायू बळकट करायचे आहेत: काम करणारा स्नायू इन्सुलिनशिवायही साखर ओढून घेतो. म्हणून चालण्याच्या जोडीला वजन उचलण्याचे व्यायाम ठेवा. मेटफॉर्मिन (मधुमेहात देतात ती गोळी) लागेल का, हे डॉक्टरांना विचारा. मैत्रिणीची गोळी पाहून सुरू करू नका. आणि पाळी सलग तीन महिने आली नाही तर वाट बघू नका, कारण गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं.

बहिणीबद्दल विचारलंत. १९९८ मधल्या एका अमेरिकन अभ्यासात पीसीओएस असलेल्या बायकांच्या बहिणींपैकी २२ टक्क्यांना तोच त्रास होता, आणि जवळपास तेवढ्याच जणींचं टेस्टोस्टेरॉन वाढलेलं होतं, पण पाळी नियमित. म्हणजे तिला होईलच असं नाही, पण लक्ष हवं. ती शाळेत असेल तर सोनोग्राफीची घाई नको. पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांपर्यंत निदानासाठी सोनोग्राफीचा उपयोग नाही. पाळीच्या तारखा तिला लिहून ठेवायला सांगा, आणि पाळी सुरू होऊन तीन वर्षं झाल्यावरही ३५ दिवसांपेक्षा जास्त अंतर पडत राहिलं तर तिला डॉक्टरांकडे घेऊन जा.