ब्रह्मदेशातील वांशिक समाजांचे रोजचे जगणे आणि परंपरा कशा आहेत?

ब्रह्मदेशातील निरनिराळ्या वांशिक समाजांच्या परंपरा आणि त्यांचे रोजचे जगणे कसे असते, असे आपण विचारले आहे. तेथील सरकार 135 वांशिक समूह मानते आणि त्यांच्या भाषा, पोशाख, शेतीच्या रीती इतक्या वेगळ्या आहेत की सर्वांचे मिळून एकच चित्र रंगवले तर ते कोणाचेच राहणार नाही. म्हणून ज्यांच्या गावांत मी काही दिवस राहिले, त्या शान प्रांतातील इनले सरोवरावरच्या इंता लोकांविषयीच लिहिते.

इंता म्हणजे तळ्याची लेकरे. त्यांची घरे पाण्यात रोवलेल्या खांबांवर उभी असतात आणि शेजारी जायचे तरी होडी काढावी लागते. होडीच्या टोकाशी एका पायावर उभे राहून दुसरा पाय वल्ह्याला वेढून ते वल्हवतात. उभे राहिल्याने लव्हाळे आणि जलपर्णी यांच्यापलीकडचे दिसते आणि जाळे टाकायला हात मोकळे राहतात. (छायाचित्रांतली शंकूच्या आकाराची मोठी जाळी आता बहुधा पर्यटकांसमोरच निघतात.)

मला सर्वांत जास्त विलक्षण वाटली ती तरंगती शेती. जलपर्णी आणि गवत यांचा वर्षानुवर्षे साचलेला जाड थर कापून त्याचे लांबट वाफे करतात, ते बांबू रोवून जागच्या जागी धरून ठेवतात आणि तळाचा गाळ उपसून त्यावर पसरतात. अशा एका वाफ्यावर मी पाय ठेवला, तेव्हा तो गादीसारखा दबला आणि कडेने पाणी वर आले. पावसाळ्यात पाणी चढले की वाफाही चढतो, त्यामुळे पीक बुडत नाही. मुख्य पीक टोमॅटोचे. मात्र त्यावर फवारलेली औषधे त्याच पाण्यात उतरतात, ज्यात ही माणसे आंघोळ करतात, आणि याची मला खरोखर काळजी वाटते.

बाजार आपल्याकडच्या आठवडी बाजारासारखाच, पण दर पाच दिवसांनी आणि आळीपाळीने वेगवेगळ्या गावी भरतो. गडद कपडे आणि डोक्याला रंगीत फडके बांधलेल्या पा-ओ या डोंगरी समाजाच्या स्त्रिया डोंगरावरून चिरुटाची पाने व लसूण घेऊन येतात आणि मासे घेऊन परततात.

मोठा उत्सव फाउंग दॉ ऊ विहाराचा. बुद्धाच्या पाचपैकी चार मूर्ती पक्ष्याच्या आकाराच्या सोनेरी नौकेतून गावोगाव नेतात. पाचवी विहारातच राहते. भाविकांनी पिढ्यान्‌पिढ्या सोन्याचा वर्ख लावल्याने त्या मूर्ती आता नुसते सोन्याचे गोळे दिसतात. वर्ख लावण्याचा मान फक्त पुरुषांना, त्यामुळे मी चौथऱ्याखालूनच दर्शन घेतले, आणि ते मला खटकले.

28 मार्च 2025 च्या भूकंपात सरोवरावरची कितीतरी घरे खांबांसकट पाण्यात कोसळली. मी पाहिलेली गावे त्याआधीची आहेत, हे कृपया लक्षात घ्यावे.